बहिणाबाई चौधरी : चुलीपुढे घडलेले आयुष्य

पांडेसरा, उधना, लिंबायत, डिंडोली या भागांतल्या मराठी वस्तीत जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली घरे खूप आहेत. कोणाचे आजोबा लूमवर लागले, कोणाचे वडील पांडेसरा जीआयडीसीतल्या डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये. गावाहून परतताना पिशवीत कळण्याचे पीठ, उडदाचे पापड, बिबडे आणि वाळलेली लाल मिरची आणायची पद्धत अजूनही मोडलेली नाही. अशा आपल्या मंडळींना बहिणाबाई चौधरी हे नाव काही नवीन नाही. त्यांची एखादी कविता शाळेत पाठ केलेली असते, गाणे रेडिओवर ऐकलेले असते, लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेवर त्यांच्या ओळी छापलेल्या असतात.

बहिणाबाईंची ओळख नेहमी कवयित्री म्हणून करून दिली जाते आणि ते योग्यच आहे. पण हयातभर त्यांना कोणी कवयित्री म्हणून हाक मारली नाही. त्या सून होत्या, आई होत्या, शेतात राबणाऱ्या होत्या आणि रोज दोन्ही वेळ चूल पेटवून घरच्यांच्या पोटाला घालणाऱ्या होत्या. त्यांचे गाणे याच कामातून आले. म्हणून या लेखात त्यांचे चरित्र आपण स्वयंपाकघराच्या बाजूने पाहणार आहोत.

सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. तुकाराम महाराजांच्या शिष्या संत बहिणाबाई या सतराव्या शतकातल्या. आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी त्यांच्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळाने जन्मल्या. दोघींच्या नावाची पुष्कळदा गल्लत होते.

असोद्याच्या महाजनांची लेक

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालच्या नागपंचमीचा, जळगावजवळच्या असोदे गावचा. लेवा पाटील समाजातले महाजनांचे शेतकरी घराणे. वडील उखाजी महाजन, आई भीमाई. घमा, घना आणि गना हे तीन भाऊ. अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी. अशा भरल्या घरात त्या वाढल्या.

त्या काळी खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीने शाळेत जाण्याचा प्रश्नच येत नसे. बहिणाबाईंना अक्षरओळख झाली नाही ती शेवटपर्यंत. मुलीची शाळा म्हणजे घर. धान्य निवडणे, सुपात पाखडणे, पाणी भरणे, गोवऱ्या थापणे, काठवटीत पीठ मळणे, पाट्यावर मिरची वाटणे हे सगळे ती आई-काकूंच्या हाताखाली शिकत असे. पीठ किती, पाणी किती, मीठ किती, याचा हिशेब मुठीत, ओंजळीत आणि बोटांच्या चिमटीत असे. तो कुठेही लिहिलेला नसे. पाहून, करून आणि लक्षात ठेवून तो अंगात मुरत असे. बहिणाबाईंची गाणीही पुढे याच पद्धतीने, कागदावाचून, लक्षात राहिली.

त्यांची बोली लेवा गणबोली. आपल्याकडे अनेक जण तिला अहिराणीच म्हणतात, पण धुळे-नंदुरबारकडची अहिराणी आणि जळगाव-भुसावळ-यावल-रावेर भागातली लेवा बोली या दोन वेगळ्या आहेत. नाते मात्र शेजारणींसारखे. लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. पोळ्याचा पोया होतो, डोळ्याचा डोया. 'मला', 'तुला' यांतल्या 'ला'च्या जागी 'ले' येते. पांडेसऱ्यातल्या कितीतरी आज्या आजही घरात असेच बोलतात आणि नातवंडे हसतात. त्या नातवंडांना सांगायला हवे की मराठीतली फार मोठी कविता नेमक्या याच बोलीत आहे.

तेराव्या वर्षी चौधरी वाड्यात

वयाच्या तेराव्या वर्षी बहिणाबाईंचे लग्न जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाले. असोदे ते जळगाव हे अंतर पायी चालून जाण्याएवढेच. पण सासुरवाशिणीला माहेर जवळ असले तरी तिकडे जाणे तिच्या हातात नसे. सण आला, मुळ आले, सासरच्यांनी होकार दिला, तरच पाऊल निघे. माहेरच्या वाटेवर आणि माहेराच्या ओढीवर बहिणाबाईंनी पुढे गाणी केली. एका गाण्यात एक योगी सासुरवाशिणीला विचारतो की माहेराचे एवढे कौतुक करतेस तर सासरी राहतेस कशाला. त्यावर ती देते ते उत्तर असे की तिच्या लेकीलाही कधीतरी माहेर लागेल, आणि ते माहेर म्हणजेच हे सासर. स्वतः घर उभे करायचे ते पुढच्या मुलीला यायला जागा असावी म्हणून. बहिणाबाईंच्या सगळ्या संसाराचा अर्थ यात आला.

मोठ्या घरातल्या सुनेचा दिवस घरोटापासून सुरू होई. घरोट म्हणजे जाते. कोंबडा आरवण्याच्या आधी उठायचे, दिवा लावायचा आणि दळायला बसायचे. आज घरघंटीचे बटण दाबणाऱ्याला वाटेल, रोज कशाला दळायचे, आठवड्याचे एकदम दळून ठेवावे. पण ज्वारीच्या भाकरीला ताजे पीठ लागते. गव्हाच्या कणकेसारखा चिकटपणा ज्वारीत नसतो. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेने फाटते, तव्यावर टाकताना मोडते. म्हणून ज्या घरात दहा-बारा माणसे भाकरी खाणारी, त्या घरात रोज पहाटे तेवढे पीठ पडायलाच हवे. पाऊणएक तास नाही, चांगले दोन दोन तास.

जात्याचा खुंटा एका हाताने ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठ मूठ धान्य पाळीत टाकायचे. समोर जाऊ किंवा नणंद बसली तर दोघींनी मिळून ओढायचे. ही ओढ एका लयीत झाली तरच खांदा टिकतो, आणि लय धरायची तर गाणे हवे. जात्यावरची ओवी म्हणून सुरू झाली. तिच्यात देव आला, माहेर आले, भाऊ आला, सासूचे बोल आले. दिवसभरात ज्या बाईला कोणी दोन शब्द विचारत नसे, तिला मनातले बोलायची ही एकच हक्काची वेळ. घरातले पुरुष तेव्हा झोपलेले असत. ऐकायला फक्त जाते आणि समोरची बाई.

बहिणाबाईंची गाणी इथे घडली. 'घरोट' नावाचे त्यांचे गाणे आहेच. त्यात दळणाऱ्या बाईचे श्रम आहेत आणि दाण्याचे पीठ होण्यात त्यांना जगाच्या घडामोडीचा अर्थही दिसतो. ज्याने हा खुंटा हातात धरलेला नाही त्याला ते सुचणे कठीण.

चूल, तवा आणि ताट

दळण झाले की चूल. खानदेशात सरपण म्हणजे मुख्यतः पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कपाशीची आणि तुरीची वाळलेली झाडे, आणि जोडीला गोवऱ्या. उन्हाळ्यात हे छान पेटते. पावसाळ्यात ओल धरली की घरभर धूर. फुकणीने फुंकून फुंकून डोळ्यांना पाणी येते, पण जाळ काही धरत नाही. पेटता पेटेना अशा चुलीवर बहिणाबाईंनी गाणे केले आहे, आणि त्यात त्या चुलीशी माणसाशी बोलावे तशा बोलतात. तिला विनवतात, तिच्यावर रागावतात. ज्या घरात अजूनही कधीमधी चूल पेटते तिथल्या बाईला हे गाणे समजावून सांगावे लागत नाही.

त्या काळच्या लेवा शेतकरी घरातला रोजचा स्वयंपाक साधा आणि ठरलेला. भाकरी ज्वारीची, त्यातही रब्बीच्या दादर ज्वारीची असली तर उत्तम. नाहीतर बाजरीची, नाहीतर कळण्याची. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळलेले पीठ. साधारण चार वाटे ज्वारीला एक वाटा उडीद, दळतानाच थोडे मीठ; घरोघरी हे प्रमाण थोडे इकडेतिकडे. उडदामुळे भाकरीला चव येते, थापायला ती जरा सोपी जाते, आणि धान्य-डाळ एकत्र आल्याने राबणाऱ्याच्या अंगाला लागते. ज्या दिवशी भाजी नसेल त्या दिवशी कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर तेलाची धार आणि कांदा एवढ्यावर जेवण होते.

वैलावर तुरीचे वरण नाहीतर उडदाची दाळ रटरटत असते. भाजी हंगामाप्रमाणे. पावसाळ्यात गिलके, अंबाडी, पोकळा. हिवाळ्यात मेथी आणि वांगी. जळगाव भागातली भरताची मोठी, हिरवट-पांढरी वांगी प्रसिद्ध आहेत, त्यांना आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ती पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणासोबत कुटायची, मग कांद्याच्या पातीची आणि शेंगदाण्यांची तेलात फोडणी. पऱ्हाटीचा तो धुरकट वास गॅसवर भाजलेल्या वांग्याला येत नाही, हे आपल्यातले जाणकार लगेच ओळखतात.

कपाशी वेचणीच्या दिवसांत भाजी करायला वेळ नसेल, किंवा उन्हाळ्यात मळ्यात काहीच हिरवे नसेल, त्या वेळी उपयोगी पडावे म्हणून वाळवण. मार्च-एप्रिलच्या उन्हात बिबडे, पापड, सांडगे, कुरडया. बिबड्यांसाठी ज्वारी तीन-चार दिवस भिजवायची, कांडून भरडायची, तिखट-लसूण-तीळ घालून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा आणि ओल्या कापडावर थापून उन्हात टाकायचा. हे एकटीचे काम नाही. गल्लीतल्या चार बाया एकमेकींच्या घरी जात. आज तुझे, उद्या माझे. डाळ भिजवून, भरड वाटून, वाफवलेले फुनके आणि कढी हा बेत पाहुणा आला तर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येत, झोके बांधले जात आणि खापरावर मांडे होत. पोळपाटावर न लाटता हातावरच फिरवून फिरवून पातळ केलेली ती पुरणाची पोळी उलट्या खापरावर टाकणे हे आजही ज्येष्ठ बायकांचेच काम. आखाजीवर, पोळ्यावर, गुढीवर बहिणाबाईंची गाणी आहेत.

हे सगळे कौतुकाचे झाले. पण एक गोष्ट कौतुकाच्या नादात सुटून जाते. एवढे सगळे करणारी बाई सर्वांत शेवटी जेवत असे. आधी पुरुष, मग मुले, मग म्हातारी माणसे, मग सासू, आणि उरेल त्यात सुना. भाजी संपलेली असेल तर ठेचा. आपल्या आज्यांना विचारा, त्या हे तक्रार म्हणून सांगणार नाहीत, रीत म्हणून सांगतील.

तिसावे वर्ष

बहिणाबाईंना तीन मुले झाली. मोठा ओंकार, मुलगी काशी आणि धाकटा सोपान. सोपानदेवांचा जन्म १९०७ सालचा. १८९६ नंतर मुंबई इलाख्यात प्लेगच्या साथी येऊ लागल्या आणि पुढची कितीतरी वर्षे त्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या. खानदेशही त्यातून सुटला नाही. प्लेगला त्यांच्या बोलीत पिलोक म्हणत आणि त्या नावाचे गाणे त्यांनी केले आहे. प्लेगने ओंकारला कायमचे अपंगत्व आले.

त्या तीस वर्षांच्या असताना नथुजी गेले. धाकटा सोपान तेव्हा अवघा तीन वर्षांचा होता. तिशीतली विधवा, एक मुलगा अपंग, दोन लेकरे लहान. पुढे एकेचाळीस वर्षे त्यांनी हा संसार एकटीने ओढला. वैधव्याच्या दुःखावरचे त्यांचे गाणे वाचताना एक गोष्ट जाणवते. कुंकू पुसले गेल्याचा आकांत त्यात आहे, पण तो फार वेळ चालत नाही. समोर उभ्या असलेल्या लेकरांकडे बघत त्या स्वतःच्याच जीवाची समजूत घालतात. याचे कारण चुलीजवळ बसणाऱ्या बाईला ठाऊक आहे. घरात काहीही होवो, संध्याकाळी मुले भाकरी मागतात. दुःखाला सुट्टी मिळते, चुलीला मिळत नाही.

'संसार' या त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यात संसाराला चुलीवरच्या तापलेल्या तव्याची उपमा आहे. भाकरी मिळण्याआधी हाताला चटका बसतो, असा त्याचा मतलब. लग्नसमारंभात हे गाणे आपण सहज म्हणतो आणि नव्या जोडप्याला उपदेश म्हणून ऐकवतो. पण ज्या बाईने ते रचले तिच्यासाठी तो चटका उपमा नव्हता. रोज वीस-पंचवीस भाकऱ्या तव्यावर टाकून, पाणी फिरवून, उलटून, पुन्हा जाळावर शेकणाऱ्या हाताची बोटे भाजतातच. आधी हात भाजला, मग गाणे झाले. आपण गाणे उचलले आणि हात विसरलो, असे होऊ नये.

शेतापासून ताटापर्यंत

बहिणाबाईंची गाणी एका ओळीने लावून पाहिली तर एक गंमत दिसते. 'पेरनी', 'कापनी', 'रगडनी', 'उपननी' अशी त्यांची वेगवेगळी गाणी आहेत. विहिरीवरच्या मोटेचे गाणे आहे. मग घरोटाचे, मग चुलीचे, मग तव्याचे. म्हणजे ज्वारीचा एक दाणा जमिनीत पडतो तिथपासून तो भाकरी होऊन ताटात येतो तिथपर्यंतचा सगळा प्रवास त्यांच्या गाण्यांत आहे.

शहरात आपल्याला स्वयंपाक म्हणजे गॅस पेटवल्यापासून कुकरची शिट्टी होईपर्यंतचा वेळ वाटतो. बहिणाबाईंचा स्वयंपाक पहिल्या पावसाला सुरू होत असे. पेरताना त्या शेतात असत, निंदायला असत, कापणीला असत. खळ्यावर बैलांच्या पायाखाली कणसे तुडवली जात, वारा आला की तिवईवर उभे राहून धान्य उपणले जाई, भुसा उडून जाई आणि दाणे खाली पडत. ते दाणे घरी येत, निवडले जात, दळले जात. प्रत्येक पायरीला त्याच बाईचे हात. त्यामुळे ताटातली भाकरी त्यांना नुसती भाकरी दिसत नसे. तिच्यात वारा, पाऊस, बैल, धरणीमाता आणि देव असे सगळे दिसे. त्यांचे तत्त्वज्ञान म्हणून जे सांगितले जाते ते कोणत्याही पोथीतून आलेले नाही. पोथी त्यांना वाचता येत नव्हती. ते या कामातून आले.

वहीत उतरलेली गाणी

ही गाणी आपल्यापर्यंत आली कशी, हा भाग सगळ्यांनी लक्ष देऊन वाचावा असा आहे.

सोपान शाळेत जाऊ लागला. एकदा त्याने क्रमिक पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आईने त्या गोष्टीचे गाणे करून टाकले होते. मुलगा चकित झाला आणि ते गाणे त्याने वहीत उतरवून घेतले. तिथून सवय लागली. आई काम करता करता गायची, मुलगा जमेल तसे टिपून घ्यायचा. नात्यातल्या पितांबर चौधरींनीही काही गाणी टिपली. पुढे सोपानदेव चौधरी स्वतः कवी म्हणून नावारूपाला आले.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावला बहिणाबाईंचे निधन झाले. तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांच्या माघारी सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांच्यापुढे नेली. पहिलेच गाणे ऐकून अत्रे थक्क झाले आणि हे जगापासून लपवून ठेवणे हा गुन्हा होईल अशा भावनेने त्यांनी ते छापायचा आग्रह धरला. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राला एक थोर कवयित्री मिळाली, पण ती तोवर गेलेली होती. आपल्या नावाचे पुस्तक त्यांनी पाहिले नाही.

आता जरा विचार करा. तेराव्या वर्षापासून एकाहत्तराव्या वर्षापर्यंत ही बाई दळत, कांडत, रांधत आणि गात होती. सोपान लिहायला शिकला तोपर्यंत तिची कितीतरी गाणी होऊन गेली असणार. तो घरी नसताना झालेली गाणी वेगळीच. ती सगळी चुलीच्या धुराबरोबर गेली. जी वाचली ती एका शाळकरी मुलाला आपल्या आईचे बोलणे लिहून ठेवण्याजोगे वाटले म्हणून वाचली.

१९६१ साली 'मानिनी' या मराठी चित्रपटात त्यांची गाणी आली आणि ती घरोघरी पोहोचली. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली त्यांचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीनही जिल्हे या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. ज्या बाईला सही करता आली नाही, तिचे नाव आज आपल्या गावाकडच्या हजारो पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर आहे. जळगावातला चौधरी वाडाही त्यांची आठवण म्हणून जपला आहे. गावी जाल तेव्हा मुलांना घेऊन तिथे अवश्य जा.

पांडेसऱ्यात राहून

तापी खानदेशातून वाहत येते आणि सुरतेला समुद्राला मिळते. त्याच खोऱ्यातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे आली, आणि पुढे त्याच रुळांवरून आपले लोक इकडे आले. इथल्या घरांत स्वयंपाकाचे वेळापत्रक मिलच्या पाळीवर चालते. सकाळी सातच्या पाळीचा डबा पहाटे पाचला तयार लागतो. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला सकाळी गरम जेवण हवे असते. मुलांना शाळेचा डबा वेगळा. बारा तासांची पाळी पुरुषाची दिसते, पण तिच्या दोन्ही टोकांना जागणारी बाई पगारपत्रकात नसते. आता तर कितीतरी बहिणी साडीवर टिकल्या-लेस लावण्याचे काम घरी आणतात आणि मधल्या वेळात भाकऱ्या करतात. बहिणाबाईंना ही बाई लगेच ओळखता आली असती.

खाण्यातही बदल झाला. मुले लोचो आणि खमण आवडीने खातात, आणि शेजारच्या गुजराती घरातला रोटलो पाहून त्यांना आजीची बाजरीची भाकरी आठवते. यात वाईट काही नाही. जात्याची जागा घरघंटीने आणि पाट्याची मिक्सरने घेतली, तेही चांगलेच झाले. पहाटे उठून दोन तास दळण्याचे कष्ट कोणत्याही सुनेला पुन्हा पडू नयेत. बाईने सर्वांच्या शेवटी उरलेसुरले खाण्याची रीतही संपायला हवी. बहिणाबाईंच्या कष्टांचे गोडवे गाऊन घरातल्या बाईला तेच कष्ट करायला लावणे म्हणजे त्यांचा मान नव्हे.

पण जाते गेले तेव्हा त्याच्याबरोबर ओव्याही गेल्या. आणि आता त्या ओव्या, ती वाळवणे, ती मुठी-ओंजळीची मापे ज्यांना ठाऊक आहेत अशा बाया आपल्या गल्लीत थोड्याच उरल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणींना लिहिता येत नाही. त्यांचे सोपान आपल्या घरात आहेत, दहावी-बारावीत शिकताहेत आणि त्यांच्या हातात मोबाईल आहे.

म्हणून सर्व कुटुंबांना विनंती आहे. येत्या नागपंचमीला किंवा ३ डिसेंबरच्या स्मृतिदिनी बहिणाबाईंच्या तसबिरीला हार घालाच, पण त्याआधी एक काम करा. घरातल्या आजीजवळ, आईजवळ, मावशीजवळ वही घेऊन बसा. कळण्यात उडीद किती, बिबड्याचा घाटा झाला हे कशावरून ओळखायचे, मांडा हातावर फिरवताना फाटत का नाही, हे विचारा. दळताना काय म्हणत होतात, तेही विचारा. ती जशी बोलेल तसेच लिहा. तिची बोली सुधारून पुस्तकी मराठी करू नका. सोपानदेवांनीही केली नव्हती. वर तिचे पूर्ण नाव आणि गावाचे नाव घाला. पान भरले की तिला वाचून दाखवा, आणि त्या दिवशी पहिले ताट तिला वाढा.